अर्फाची वार

अफसाना मुलाणी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा युनिटमध्ये नऊ वर्षं एकच काम करते. सिझेरियन झालेल्या, रक्ताच्या तपासण्या निर्दोष निघालेल्या बायकांनी दान केलेली वार तिथे बर्फाच्या पेटीतून येते. वारेच्या आतल्या बाजूला कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा असतो. अफसाना तो बोटांनी सोडवते, रक्त जाईपर्यंत धुते आणि जाळीवर पसरते. मग तो गोठवून, हवा काढून वाळवला जातो. दातांचे डॉक्टर त्याचा तुकडा सरकलेल्या हिरडीखाली बसवतात. काही आठवड्यांत पडदा विरतो आणि हिरडी भरून येते.

सगळं वाळवण्यावर असतं. ऊब जास्त लागली तर पडदा दिसतो तसाच, पण हिरडी वाढवणारा त्याचा गुण जातो.

तिचं माहेर मेढा. दारातल्या सीताफळाच्या बुंध्याशी चारही भावंडांची वार पुरलेली आहे. दोघे भाऊ पुण्यात, धाकटी अर्फा पोटुशी होती आणि बाळंतपणानंतर नवऱ्यासोबत कतारला, दोह्याला जाणार होती. घरात आई मदिनाबी एकटी. अर्फाच्या या बाळंतपणातली वार तरी दारात यावी म्हणून तिने खड्डा आधीच खणून ठेवला होता.

अफसानाला मूल नाही. शेकडो परक्या बायकांची वार हाताळल्यावर एकदा घरातली हाती यावी, असं तिला वाटत होतं. तिने अर्फाला दानाला राजी केलं.

मदिनाबी भडकली. "पापडासारखं माणसाचं वाळवत बसतीस. माझ्या दारात जागा न्हाई व्हय?"

"अम्मी, मातीत जाऊन काय हुतंय?"

"पोरगी परत येती."

"माझी हितंच पुरलीया की. मी कवा आले शेवटची?"

"बकरीदला," मदिनाबी म्हणाली. "अर्धा दिस."

सोमवारी अर्फाला सिझेरियनने मुलगा झाला आणि त्याच दिवशी वार युनिटमध्ये आली. पेटीवर नुसता क्रमांक होता, पण त्या दिवशी दुसरी पेटी आलीच नाही. अफसानाने पडदा नेहमीपेक्षा सावकाश धुतला.

मंगळवारी दुपारी वीज गेली. जनरेटर लागायला चाळीस मिनिटं गेली. यंत्रात हवा शिरली, ट्रे तापले. दुसऱ्या दिवशी तिने पडद्याची एक पट्टी मिठाच्या पाण्यात टाकली. चांगली पट्टी मिनिटभरात मऊ पडते. ही तशीच ताठ राहिली.

सुपरवायझर इंद्रजितने पडदा उजेडात धरला. "दिसायला तर झकास आहे, ताई. आणखी एक पट्टी बघायची का?"

तिने आणखी दोन बघितल्या. मग रजिस्टरात त्या क्रमांकापुढे 'नापास' लिहून सही केली. नापास माल पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला जातो. घरी नेता येत नाही. तिने विचारलंही नाही.

रविवारी ती एसटीने मेढ्याला गेली. खड्डा तसाच होता, कडेची माती वाळून भुसभुशीत झाली होती. तिने उभ्या उभ्याच सांगितलं.

"म्हंजे कुणाच्या हिरडीतबी न्हाई?" मदिनाबीने विचारलं.

"न्हाई."

"आन् मातीतबी न्हाई."

"न्हाई, अम्मी."

मदिनाबीने खड्ड्यात पडलेली दोन पानं वाकून काढली. "उद्या सातव्या दिवसाचा अकिका हाय. पोराचं केस काढतील, ती पुडी माझ्याकडं आण," ती म्हणाली. "आन् तूच घिऊन ये. आख्खा दिस काढून. त्ये काय वाळवायला लागत न्हाईत."