मंगळवारची सासरवाडी

"अक्का, जरा थांब, ऐकू दे," असं म्हणून तो हात वर करायचा. यंत्रमागांच्या खडखडाटात आम्हाला आमचंच बोलणं ऐकू येत नसे आणि याला पलीकडच्या मागावर तुटलेला धागा कळायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

अक्कलकोट रोडच्या त्या चादरींच्या कारखान्यात मी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचे, तो दोन माग चालवायचा. घरी तेलुगू बोलायचा, आमच्याशी मराठी. लग्न झालं नव्हतं. शुक्रवार पेठेत बहिणीकडे राहायचा.

एका वर्षी त्याला मागाच्या आवाजात माणसं बोललेली ऐकू यायला लागली. चालू माग बंद करून तो दाराशी जाऊन उभा राहायचा. मालक चिडला. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. मीही तेच म्हणाले होते, आता कशाला लपवू?

बहिणीने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे दर मंगळवारी मनाच्या आजारांचा डॉक्टर यायचा, गोळ्या फुकट मिळायच्या. दोन महिन्यांनी तो मला म्हणाला, "अक्का, आता माग नुसता मागासारखा वाजतोय बघ."

मंगळवारी रांगेत त्याची अर्धी पाळी जायची. तेवढा वेळ त्याचे माग मी बघायचे. निघाला सासरवाडीला, असं कुणी चिडवलं की तो म्हणायचा, "व्हय की. सासू लई कडक हाय, जेवायला नुसत्या गोळ्याच वाढती." तीन वर्षं अशी गेली. त्याच्या चादरीत खोट सापडत नसे.

मग डॉक्टर यायचा बंद झाला. वरून पैसा मंजूर नाही, म्हणाले. बहीण चिठ्ठी घेऊन हेलपाटे घालत राहिली. दुकानातल्या गोळ्या तिला झेपणाऱ्या नव्हत्या. महिनाभरात तो पुन्हा दाराशी उभा. सरकारचा एका डॉक्टरचा खर्च वाचला असेल. इकडे दोन माग बंद पडले, ते कुणी हिशेबात धरलं? मालकाने थोडे दिवस वाट पाहिली आणि नवा माणूस लावला.

मी त्याच्या घरी गेले. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी उठायला लागले तेव्हा म्हणाला, "माझ्या मागांवर कोण हाय?"

खोटं बोलायची मला सवय नाही. दुसरा लावलाय, म्हटलं.

तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "त्याला सांग, दुपारी डाव्या मागाचा पट्टा ढिला पडतो. चालू मागात हात घालू नको म्हणावं. आधी बंद कर."

त्यानंतर तो मला दिसला नाही. निरोप मी दुसऱ्याच दिवशी पोचवला. नव्या माणसाने माग बंद करून पाहिलं. पट्टा ढिला होता.