परशरामआप्पांची जीभ

बेळगुंदीत नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिला तांब्या देवाला आणि दुसरा परशरामआप्पांना. आप्पा अनशापोटी यायचे, घोट तोंडात घोळवायचे आणि सांगायचे, "लोखंड हाय, भात तांबडा हुईल." नाहीतर, "चुना हाय, डाळ शिजायची न्हाय." तपासणीचा कागद महिन्यानं यायचा आणि तेच सांगायचा. या जिभेपायी त्यांनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही. आणि सासुरवाडी कुठली, तर तंबाखूच्या निपाणीची!

त्यांचा भाचा नागेंद्र बाटलीबंद पाण्याचा कारखाना काढायला निघाला, तेव्हा डोंगराकडचा झरा द्यायला गाव तयार नव्हतं. आप्पा मध्ये पडले. "माझा भाचा हाय. झऱ्याचं पाणी हाय तसं भरील, मी सांगतो." त्यांच्या शब्दावर गावानं झरा दिला. झऱ्याला कुंपण पडलं आणि बाटलीवर आप्पांचा फेट्यातला फोटो आला. आप्पा लाजले, पण सुखावलेही. खोटं कशाला बोला?

परवा सांबरा गावातल्या एका लग्नात नागेंद्रनं खानापूरकडचे चौघे गावकरी गाठले. त्यांच्याही गावचा झरा त्याला हवा होता, पण आप्पांनी सांगितल्याशिवाय ते सही करणार नव्हते. "मामा, सांगा यांना," म्हणत त्यानं बाटलीचं बूच उघडून दिलं.

आप्पांनी घोट घेतला, घोळवला. पुन्हा घेतला. आमच्या झऱ्याचं पाणी गिळल्यावर जिभेच्या कडेला बारीक गोडी राहते. इथं काहीच राहिलं नाही. बाटलीवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आकडे मात्र झऱ्याचेच छापलेले.

"ह्ये झऱ्याचं न्हाय," आप्पा म्हणाले. "बोअरचं हाय, मशीनमधनं गाळल्यालं. नागू, माझा फोटू लावून ह्ये इकतोस व्हय रं?"

नागेंद्र हसला. मामाच्या खांद्यावर हात ठेवून त्या चौघांना म्हणाला, "वय झालं मामांचं. गेल्या साली तापानं पडलते, तवापासनं चवच कळत न्हाय त्यास्नी."

कसला ताप आणि कसलं काय! गेल्या साली आप्पांना साधी शिंक आली नव्हती. मला हे ठाऊक होतं आणि मी शेजारीच उभा होतो. पण माझी सून नागेंद्रच्या ऑफिसात कामाला आहे. मी गप्प बसलो, आणि त्याची मला लाज वाटते. चौघांनी आप्पांकडे कीव करून पाहिलं, बाटलीवरचा फोटो हाच त्यांचा शब्द मानला आणि सही केली.

मी आप्पांना गाडीवरून घरी सोडलं. दारात पाय ठेवताच ते बायकोला म्हणाले, "मालू, तीन विहिरींचं पाणी आण. कुठलं कुठलं ते सांगू नगं."

मालुबाईनं तीन पेले ठेवले. आप्पांनी डोळे मिटून एकेक घोट घेतला. "ह्ये मठाचं. ह्ये आपलं. ह्ये रताळ्याच्या शेतातलं."

"सगळं बरोबर," मालुबाई म्हणाली. "जीभ शाबूत हाय की तुमची."

आप्पांनी पेला खाली ठेवला. "गेली असती तर बरं झालं असतं गं. पोरगं खोटं बोललं न्हाय, असं तरी म्हणता आलं असतं."