पऱ्हाटी उपटल्यावरची वाट

बायकोची बदली झाली तेव्हा मे महिना होता. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमचं घर राळेगावात आणि नवी शाळा केळापूर तालुक्यातल्या एका आडगावात. मुलगी त्या वर्षी दहावीला जाणार होती. बायकोचं म्हणणं एकच होतं, की निदान हे एक वर्ष आपल्याला रोज रात्री घरी असायचंय. रोजचं येणं जमलं नाही तर तिथे खोली घ्यावी लागणार होती. म्हणजे प्रश्न रस्त्याचा होता, आणि तो मी माझ्याकडे घेतला.

डांबरी रस्त्याने ते गाव एकसष्ट किलोमीटर पडत होतं. मोटरसायकलवर रोज जाऊन-येऊन एवढं अंतर तिच्या कंबरेला झेपणारं नव्हतं. माझ्याकडे संगणकावर नकाशाचा एक प्रोग्राम होता. त्यात मोटरसायकल हे वाहन निवडायचं, एकेक टिंब देत रस्ता आखायचा. अंतर आणि वेळ तो स्वतःच काढतो. मग तो रस्ता फोनमध्ये घ्यायचा, फोन हँडलला अडकवायचा आणि निळ्या रेघेवरून जायचं. उपग्रहाच्या चित्रात मला एक पांढुरकी वाट दिसली. आमच्या बाजूच्या शेवटच्या गावातून निघून, वावरांमधून दोन किलोमीटर जाऊन, ती शाळेच्या गावाला लागत होती. ती धरली की एकूण अंतर चौतीसवर येत होतं.

नुसत्या चित्रावर मी विसंबलो नाही. त्या महिन्यात तीनदा जाऊन आलो. एकदा एकटा, एकदा बायकोला मागे बसवून, आणि एकदा तिने चालवली व मी मागे बसलो. जमीन चाकांनी दबून फरशीसारखी टणक झाली होती. समोरून दूधवाला आला, एक जोडपं लग्नाला चाललेलं दिसलं. तिन्ही वेळा प्रोग्रामने दाखवला होता साधारण तेवढाच वेळ लागला. खोलीचा विषय आम्ही बंद केला.

आमच्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या दिवशी बायको त्या वाटेच्या तोंडाशी पोचली तर समोर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या, आणि पलीकडे वखरलेली काळी जमीन. फोन मात्र सरळ जा म्हणत होता. वावरात चार-पाच बाया सरकी टोबत होत्या, म्हणजे कापसाचं बी मातीत खोचत होत्या. त्यातली वयस्कर बाई, जिचं ते वावर होतं, कंबर सरळ करत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आली.

"अवो बाई, गाडी घेऊन कोठं चालल्या? वाट बंद झाली ना."

बायको म्हणाली, नकाशात वाट आहे, आणि गेल्या महिन्यात आम्ही इथूनच गेलो.

"गेल्या महिन्यात होतीच. पऱ्हाटी उपटली का आमीच मोकळी करून देतो. सरकी पडली का बंद. काट्या दिसल्या नाई काय?"

त्या भागात हा रिवाजच आहे. कापसाची झाडं उपटली की मालक स्वतः वावरातून वाट देतो, पेरणीला ती मोडतो, आणि कोणी तक्रार करत नाही. लिहून ठेवलेलं कुठेच नसतं. उपग्रहाचं चित्रही उन्हाळ्यातलं असावं. मी तीन वेळा तपासलं होतं, पण तिन्ही वेळा मेमध्येच.

वाट पुन्हा कधी मोकळी होईल, असं बायकोने विचारलं. बाई म्हणाली, फरदड घेतो, तेव्हा होळी होईस्तोवर काही नाही. फरदड म्हणजे मुख्य वेचे संपल्यावर त्याच झाडांना पाणी देऊन पुन्हा घेतलेला कापूस. होळीपर्यंत मुलीची परीक्षा आलेली असणार होती. गाडी अलीकडच्या गावात ठेवून धुऱ्याधुऱ्याने पायी जाणं बायकोने एक दिवस करून पाहिलं. एक चप्पल चिखलातच राहिली.

शेवटी शाळेच्या गावात खोली घेतली, ती त्याच बाईच्या घरी. ती एकटी राहायची. बायको तिला मावशी म्हणू लागली आणि मी आपोआप जावई झालो. शनिवारी दुपारी बायको डांबरी रस्त्याने घरी यायची, सोमवारी पहाटे परत. बाकीचे दिवस स्वयंपाक माझ्याकडे होता. मुलीने भाजीबद्दल कधी काही म्हटलं नाही, पण लोणच्याची बरणी लवकर संपायची. संध्याकाळी मायलेकी फोनवर इतिहासाची उत्तरं घोकत. मागून मावशीचा आवाज येई, "जेवली काय म्हणा पोरीले."

त्या वर्षी बोंडअळी आली. बोंड वरून शाबूत दिसे, फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडकी सरकी. दिवाळीनंतर मावशीच्या वावरात वेचायला फारसं उरलं नव्हतं. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी काढून टाका, असं कृषीवाले गावोगाव सांगत होते. डिसेंबर संपता संपता बायकोने फोनवर सांगितलं, मावशीने आणि वाटेवरच्या बाकीच्यांनीही पऱ्हाटी उपटायला घेतली. फोन ठेवल्यावर मी संगणक सुरू करून जुना रस्ता पुन्हा उघडला. चौतीस. मला बरं वाटलं, हे खरं आहे.

रविवारी पाहायला गेलो. बायको आदल्या दिवशी घरी आली होती, तीही मागे बसली. वाटेच्या तोंडाशी काट्या नव्हत्या. मावशी उपटलेल्या पऱ्हाटीचे भारे धुऱ्याशी रचत होती. वाळक्या झाडांवर किडकी बोंडं तशीच होती.

"या जवाईबुवा. या साली वाट लवकर खुली झाली."

"हो, दोन-अडीच महिने लवकर," मी म्हणालो. आकडा तोंडातून निघून गेला.

"अळीनं केली," ती म्हणाली. "आता बाईले घेऊन जा. पोरगी एकटी हाय तिकडं. तुम्ही येसान म्हणून काट्या मीच काढून ठेवल्या."

बायकोने पदर खोचला आणि भारे उचलायला लागली. मीही लागलो. दुपारपर्यंत आम्ही तिघं तेच काम करत होतो. मावशीने मला दोनदा सांगितलं, की मी भारा उलटा धरतोय.

जानेवारीपासून बायको रोज घरी येऊ लागली. मुलीची परीक्षा नीट पार पडली.

पुढच्या जूनमध्ये बायकोने खोली सोडली नाही. मीही सोड म्हटलं नाही. एखादी वाट पिकावर अवलंबून आहे, असं त्या प्रोग्राममध्ये सांगायची सोय नाही. म्हणून मी दोन रस्ते आखून ठेवले आणि छोट्याला 'पऱ्हाटी उपटल्यावर' असं नाव दिलं. त्या वर्षी मावशीचा कापूस बरा होता. संक्रांत गेली तरी बाया वेचत होत्या, आणि काट्या जागच्या हलल्या नव्हत्या. बायको दर शनिवारी एकसष्ट किलोमीटर गाडी चालवून यायची, गाडी उभी करून आधी कंबर दाबायची, आणि चहा घेताना मावशीचा कितवा वेचा चालू आहे ते सांगायची.