मुलीला हुशार नाही

धारवाडच्या सुभाष रोडवरच्या साडीच्या दुकानात मी अकरा वर्षं साड्या उलगडते आणि घड्या घालते. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्याला कुठल्या कपाटातली साडी दाखवायची ते आम्ही त्याच्या चपलांवरून ठरवतो. म्हणून मुलीच्या वर्गात फळ्याशेजारी दोन याद्या चिकटवलेल्या पाहिल्या, तेव्हा त्या कशा तयार झाल्या असतील ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

'अ' गट आणि 'ब' गट. सरकारी मराठी शाळा, पाचवीत पोरं मोजून चौतीस, त्यांचेही दोन भाग. 'अ' गट दिवाळीच्या आत पाचवीचं पुस्तक संपवणार, सहावीचं सुरू करणार आणि निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणार. 'ब' गटाचा म्हणे पाया पक्का करायचा, म्हणजे मागच्या व्हरांड्यात बसून पुन्हा तिसरीचे पाढे म्हणायचे. निवासी शाळेची परीक्षा पाचवीतच देता येते, एकदाच. निवड झाली की राहणं, जेवण, शिकणं सगळं सरकारचं. माझी मुलगी तिसरीपासून त्या शाळेचा जप करत होती आणि तिचं नाव 'ब'मध्ये होतं.

'ब'ची यादी वाचताना मला आमची गल्लीच वाचल्यासारखं झालं. आम्ही बौद्ध, बाकीची गवंडीकाम आणि हमाली करणाऱ्यांची पोरं. 'अ'मध्ये आमच्या गल्लीतलं एकही नाव नव्हतं. माझं डोकं फिरलं, ते अजून फिरलेलंच आहे.

शेजारच्या अक्काची मुलगीही 'ब'मध्येच होती. अक्का मळमड्डीत एका निवृत्त अधिकाऱ्याकडे स्वयंपाक करते, तोंडाने फटकळ, मनाने माझ्यापेक्षा चांगली. तिने शनिवारची अर्ध्या दिवसाची रजा काढली. "दोघी मिळून जाऊ," ती म्हणाली. "तू बोल, मी मागे उभी राहते. याद्या फाडल्याशिवाय उठायचं नाही." मी म्हटलं, नाही उठायचं. हे मी माझ्या तोंडाने म्हटलं होतं.

पालक सभेला वीसेक जण होते. शाळा समितीचे अध्यक्ष पहिल्या बाकावर. त्यांचा मुलगा 'अ'मध्ये, आणि त्याला याच वर्षी थेट सहावीत बसवा म्हणून ते हेडमास्तरांच्या मागे लागले होते. "आमच्या पोराला सगळं येतंय, मग त्याने न येणाऱ्यांसाठी ताटकळत का बसायचं?" ते म्हणाले. "बैलगाडीला घोडा जुंपतात काय?"

"घोडा आहे तर खाजगी तबेल्यात बांधा की," मी म्हटलं. "सरकारी शाळेत कशाला आणला?"

दोघं-तिघं हसले. अध्यक्ष माझ्याकडे वळून कानडीत म्हणाले, "सुम्न कुंड्रि," म्हणजे गप बसा. मी बसले नाही. यादी कुणी केली, कशावरून केली, आमच्या गल्लीतली सगळी पोरं एकजात मठ्ठ कशी निघाली, मी विचारत गेले. मागून अक्का म्हणत होती, "विचार, विचार." 'अ'वाल्यांपैकी एक बाई म्हणाल्या की ह्यांना प्रत्येक गोष्टीत जातच दिसते. मी म्हटलं, दिसते, कारण तुम्ही ती फळ्याशेजारी चिकटवली आहे.

तेव्हा वर्गशिक्षिका उठल्या. बाई साताऱ्याच्या, लग्न करून धारवाडला आलेल्या, शाळेत नव्या. चाचणी घेतली होती, तिच्यावरून गट पाडले, असं त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या मुलीचं तर तुम्हीच लिहून दिलंय." त्यांनी वहीतून चिठ्ठी काढली आणि वाचली. माझंच अक्षर. 'मुलीला हुशार नाही. आज परीक्षेला बसणार नाही.'

बाईंना वाटलं होतं, आई प्रामाणिक आहे. पोरगी हुशार नाही हे स्वतःच कबूल करते आणि उगाच परीक्षेला बसवत नाही.

आख्खी सभा हसायला लागली, अध्यक्षांसकट. इथे कानडीत कुणाला बरं नसलं की 'हुशार इल्ल' म्हणतात, आणि आमच्या मराठीतही ते कधीच येऊन बसलंय. चाचणीच्या दिवशी पोरगी तापाने फणफणली होती. मला दुकानात पोचायची घाई, हाताला आलं ते लिहिलं. आम्ही 'आराम नाही' पण म्हणतो. तेवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

"अहो, पण 'मुलीला' लिहिलंय," मी बाईंना म्हटलं. "'मुलगी' नाही लिहिलं."

"मला वाटलं, 'ला' चुकून पडला असेल," बाई म्हणाल्या. खाली बघून म्हणाल्या, पण म्हणाल्या. म्हणजे आम्हाला लिहिता येत नसणार, हे त्यांचं आधीच ठरलेलं. हसण्याचा मला राग आला नाही, त्या 'ला'चा आला. आजही येतो.

हेडमास्तर घाईने मध्ये पडले. "ताई, गैरसमज झाला, होगली बिड्रि, सोडून द्या. मुलीला आत्ता शेजारच्या वर्गात बसवतो, तोच पेपर देतो." मुलगी बाहेर कट्ट्यावर अक्काच्या मुलीबरोबर बसली होती. तिला आत नेलं. सभेने चहा प्यायला. बाईंनी तिथेच पेपर तपासला. 'अ' गटातल्या चार पोरांना मागे टाकलं होतं तिने. हेडमास्तरांनी स्वतः पेनाने एका यादीतलं नाव खोडलं आणि दुसरीत लिहिलं. "झालं ना समाधान?"

मी विचारलं, "आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांनी परीक्षा दिलेली आहे, ताई."

इथे मी बोलायला हवं होतं. चाचणीतली पंचवीस गणितं 'अ'वाल्यांच्या शिकवणीतल्या पुस्तकातून जशीच्या तशी उचललेली, हे बाई पेपर तपासत असताना मी डोकावून पाहिलं होतं. माझ्या मुलीने तेच पुस्तक दुकानातल्या मॅनेजरच्या मुलाचं जुनं म्हणून मिळवून सोडवलं होतं. अक्काच्या मुलीने ते कधी पाहिलंही नव्हतं. हे सांगितलं असतं तर चाचणी पुन्हा घ्यावी लागली असती, आणि माझ्या मुलीचं आत्ताच लिहिलेलं नाव पुन्हा खोडलं गेलं असतं. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं मी गप्प का आहे, कारण त्यांच्या जागी तेही असेच गप्प बसले असते. मी खाली बसले. या वेळी बसायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

अक्का आपल्या मुलीचा हात धरून माझ्याआधी निघाली. घरी जाताना माझी मुलगी म्हणाली, "आई, तिला पण हुशार नव्हतं म्हणून चिठ्ठी लिही ना." मी तिला ओरडले. तिचं काय चुकलं होतं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मुलगी निवासी शाळेत लागली. जूनमध्ये तिला सोडून आलो. अक्काची मुलगी सहावीत इथल्या जुन्याच शाळेत आहे, व्हरांड्यातल्या गटात. वर्षभर अक्का माझ्याशी बोलली नाही. तिच्या वाटणीचं मी स्वतःलाच बोलून घेतलं, पण ते काय कामाचं.

परवा नळावर ती माझ्या पुढे होती. माझी मुलगी तिकडे निवासी शाळेत पावसात भिजून आजारी पडली होती, ते गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. घागर भरून उचलताना अक्काने पहिल्यांदा तोंड उघडलं. "काय गं," ती म्हणाली, "हुशार झाली का तुझी मुलगी?"

आमच्याकडे आजाऱ्याची चौकशी अशीच करतात. मी "झाली" म्हटलं आणि घागर नळाखाली धरली.