नालीवरच्या ओट्याचे पाहुणे

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. उभ्या भंडारा जिल्ह्यात मला सौद्यात गंडवणारा माणूस अजून जन्मायचा आहे असं मी समजत होतो. तो लाखांदूरकडच्या एका खेड्यात आधीच जन्मून, धान पिकवून, माझ्या सुनेचा बाप होऊन बसला होता. डोक्यावर पितळेची भांडी घेऊन मी आठवडी बाजार पालथे घातले, दुकान उभं केलं, घर बांधलं. माझ्याशी घासाघीस करताना भल्याभल्यांना घाम फुटतो. या माणसाला कधी फुटला नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा हिवाळा. त्यांचं अंतर्गळाचं ऑपरेशन ठरलं, पण दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "जवळपास राहा, खाट झाली की निरोप देतो." माझं घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. मधल्या खोलीत पलंग, वर नवी गादी. पण सून तेव्हा पोटुशी होती, आणि लेकीला पहिलं लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, तिच्या छपराखाली निजायचं नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज.

मग हा माणूस वाट पाहायला जागा शोधत गावभर भटकला. नखरे वरबापाचे, आणि वरबाप तर मी! दवाखान्याच्या व्हरांड्यात एक सकाळ बसले आणि उठून आले. "सारे कण्हून राहिले तिथं. चांगला मानूस बिमार पडते." चिंचेखाली बसले, तर वरून पाखरांचा प्रसाद. एसटी स्टँड पसंत पडला, पण लाखांदूरची गाडी लागली की यांचे पाय आपोआप तिकडे वळत. धान मळायचं राहिलंय म्हणत एकदा चढलेसुद्धा, मी बखोट धरून उतरवलं. टेकणं म्हणून ठाऊक नाही. चहा उभ्यानं, बिडी चालता चालता.

शेवटी मी व्याह्यांशी सौद्यावर आलो. "इवाईबुवा, पाहुणे नोका होऊ, भाडेकरू व्हा."

"पोरीच्या घरी भाडेकरू? लोकं थुकतीन ना!"

"मंग बाहेर ओट्यावर निजा."

"ओटा तुमचा, म्हंजे पोरीचाच."

असं म्हणून ते घरासमोर येरझाऱ्या घालू लागले. मध्येच वाकले, ओट्याखाली पाहिलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पन इवाईबुवा, नाली तं नगरपालिकेची हाय. मंग नालीवरचा ओटा तुमचा कसा?"

आणीबाणीत पहारी घेऊन नगरपालिकेची माणसं ओटा पाडायला आली, तेव्हा घसा फोडून भांडून मी तो ओटा वाचवला होता. तो माझाच, असं साऱ्या गल्लीला ठणकावलं होतं. तीच गल्ली आता दारादारांतून कान टवकारून उभी. मी दातओठ खात म्हणालो, "नगरपालिकेचा."

"मंग झालं तं! सरकारी जागेत कोनाची मनाई?" आणि त्यांनी घोंगडी अंथरली.

चूल तीन दगडांची, तांदूळ त्यांच्या घरचे, पाणी रस्त्यावरच्या नळाचं. सून उंबऱ्यात बसून म्हणायची, "बाबा, कढी केली हाय. घोटभर तं घ्या."

"आता नोको, माय. लेकरू येऊ दे, मंग हाकलशीन तरी हालनार नाही." आणि माझ्याकडे वळून, "मधल्या खोलीतला पलंग माहा. पुढचा पुरा हिवाळा. सौदा पक्का?"

मी हातावर हात मारला.

पौषाची थंडी पडली. मी रोज संध्याकाळी ओरडायचो, "आत या!" ते हसायचे. "थंडी बी सरकारीच हाय, इवाईबुवा." मध्येच उठून गल्लीच्या टोकाला चालू लागत. मला वाटे, जुनीच भिंगरी. लेकीच्या कानावर पडू नये म्हणून ते खोकायला तिकडे जातात, हे मला पानवाल्यानं सांगितलं, तोवर त्यांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. मी आणि मुलानं उचलून नेलं. खाट तात्काळ मिळाली. ऑपरेशनची नव्हे, छातीच्या दुखण्याची. तिच्यावर पडल्या पडल्या ते पुटपुटले, "खिडकीपाशी नोहोती का?" त्या खाटेवरून ते पुन्हा उठले नाहीत. पुढच्याच महिन्यात सुनेला मुलगी झाली.

बारशाला त्यांचे थोरले भाऊ आले. मधल्या खोलीत, त्याच पलंगावर बसून पोटभर जेवले. "आता चालते," म्हणाले.

"तवा काहून नाही चाललं? कोनं ठरवलं हे?"

"रिवाज हाय, इवाईबुवा."

"त्याले नाव असन, गाव असन. सांगा. मी एसटीनं जातो अन् त्याच्या दारात उभा राहतो."

त्यांनी ताटात मान घातली. आत सून लेकराला थोपटत होती. तिचा हात थांबल्याचं मला दिसलं, म्हणून मी आवाज खाली केला. प्रश्न खाली ठेवलेला नाही. आपल्या लेकीच्या दारात बसलेल्या माणसाला खोकायला गल्लीच्या टोकाला का जावं लागलं, याचा जाब मला कोणीतरी द्या.