माझ्याच घराचं मोजमाप

आमच्या घराच्या दारात वीस-बावीस विद्यार्थी उभे होते. त्यांत मी होते. माझ्या हातात टेपचं एक टोक होतं. आतून माझी आई पाण्याचा गडवा आणि दोन पेले घेऊन बाहेर आली.

कोणी पाणी घेतलं नाही.

आमचे सर दारातूनच आत डोकावले होते. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, शेजारी बुद्ध. सरांनी फोटो पाहिला. मग आईकडे पाहिलं. मग गडव्याकडे. आमची जात त्यांना तेवढ्यात कळली. मागे वळून ते म्हणाले, "सब लोग अपनी-अपनी बॉटल से पीजिए।"

बाटल्या उघडल्या. मीही उघडली. तोंडावर बांधलेला स्कार्फ खाली ओढला आणि आईसमोर उभी राहून माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले.

आईने मला ओळखलं. काही बोलायला तिचं तोंड उघडलं, आणि माझा चेहरा पाहून मिटलं. मग गडवा माझ्यापुढे धरून ती हिंदीत म्हणाली, "मैडम, आप भी नहीं लेंगी?"

मी मान हलवली. नाही.

ती आत गेली.

मी तेव्हा भिलाईत आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होते. ॲडव्हान्स डिझाइनचा स्टुडिओ. विषय होता वस्तीचं पुनर्वसन, आणि सरांनी निवडलेली जागा होती भिलाईला लागून असलेल्या कुरुद गावाच्या कडेची आमची वस्ती. नकाशा पडद्यावर आला तेव्हा मी वहीत मान घातली. वर्गात मी सांगून ठेवलं होतं की मी शहरात, पावर हाउस भागात मामाकडे राहते. मामा कोणी नव्हता. पावर हाउसला मी फक्त ऑटो बदलायची.

खोटं का बोलले? पहिल्या वर्षी एका मुलीने माझी रँक विचारली होती. मी सांगितली. ती "अच्छा, कोटा" म्हणाली आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. तेवढंच. भांडण नाही, शिवी नाही. पण त्यानंतर माझ्या टेबलावर कोणी आलंच नाही. डबा मी मागच्या जिन्यावर खायची. निदान घर तरी यांना कळू नये, एवढंच मला वाटलं.

पाहणीच्या दिवशी मी हिशोब केला होता. बाबा स्टील प्लांटमध्ये ठेका कामगार, ते पहिल्या पाळीला. आई रेजा, म्हणजे बांधकामावर विटा-माल वाहणारी बाई, ती कामावर. शेजारचेही कामावर. घराला कुलूप असेल, या भरवशावर मी गेले. त्या दिवशी आईच्या साइटवर रेती आली नव्हती. तिला घरी पाठवलं होतं.

पाणी नाकारून झाल्यावर मोजमाप सुरू झालं. आतली भिंत मी धरली. जिथे झोपते, तिथे टेप लावली. आई चुलीजवळ पाठ करून बसून राहिली. सरांनी पश्चिमेच्या भिंतीवर हात थापटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खिड़की कहाँ है? इन लोगों को स्पेस की समझ ही नहीं होती।"

मुलांनी लिहून घेतलं. मीही लिहिलं.

संध्याकाळी घरी गेले. आई भाकर थापत होती. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, आता बोलेल. शिव्या देईल. ती शांतपणे म्हणाली, "तुया तोंडाकडे पाहूनच समजलं मले. त्यायले सांगाचं नाही तुले. म्हून मी मॅडम म्हटलं."

मी बॅग खाली ठेवली.

"पाणी तरी प्याचं होतं, पोरी," ती म्हणाली, आणि तवा उतरवला.

बाबांना तिने काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिने एक गोष्ट सोडली. आधी मी घरी ड्रॉइंगची शीट पसरली की ती येऊन बसायची. ही रेघ कशाची, हा जिना असा कावून, विचारायची. तीस वर्षं जिने चढलेली बाई, जिन्याची चूक तिला माझ्याआधी दिसायची. आता ती येईना. मी शीट पसरली की बाहेर जाऊन बसायची. कॉलेजात मी एकटी होतेच. आता घरीही झाले.

सहा आठवडे असे गेले. चौघांचा आमचा गट. वस्ती पाडून तिथे चार मजली इमारती, असा प्रस्ताव. पहिली शीट माझ्याकडे आली, 'सध्याची स्थिती'. त्यात नमुना म्हणून आमचंच घर होतं. मी ते काढलं. भिंतीची जाडी, चुलीची जागा, सगळं बरोबर. खाली गटाने ठरवलेल्या तीन ओळी माझ्याच अक्षरात लिहिल्या. हवा नाही. उजेड नाही. अकुशल बांधकाम.

ते घर आई-बाबांनी बांधलं होतं. सुट्टीच्या दिवशी, दोघांनीच. पश्चिमेला खिडकी नाही, कारण दुपारचं ऊन तिकडून येतं आणि गल्लीतून माणसं जातात. खिडकीऐवजी आईने उत्तरेला, छपराच्या खाली, विटा सोडून सोडून जाळी ठेवली. गरम हवा वरून निघून जाते. मे महिन्यातही आमच्या घरात बसवतं. मी लहान होते तेव्हा तिने ते मला समजावून सांगितलं होतं. पुढे कॉलेजात तेच मी पुस्तकात वाचलं आणि परीक्षेत लिहून मार्क मिळवले. शीटवर मात्र लिहिलं, अकुशल.

ज्युरीच्या, म्हणजे शीट लावून परीक्षकांपुढे काम मांडायच्या दिवशी बाहेरून एक आर्किटेक्ट बाई आल्या होत्या. सगळा वर्ग भिंतीला टेकून उभा. आमच्या गटाची पाळी आली. माझ्या शीटसमोर बाई थांबल्या आणि सरांना विचारलं, हे कोण बांधतं? सर हसले. म्हणाले, कोण बांधणार, जो मिला उसी से खड़ा कर लेते हैं, अंदाज से.

गटातली मुलगी पुढे बोलायला लागली. आणि माझ्या तोंडून निघालं, "ये मेरा घर है।"

मी पेन्सिल घेतली. खालच्या तिन्ही ओळी एकेक करून खोडल्या. उत्तरेची जाळी काढली, जी कोणी मोजली नव्हती. मीही नाही. हवा कशी निघते ते बाण काढून दाखवलं. घाईत बाण वाकडे आले. म्हटलं, हे माझ्या आईने बांधलंय, ती रेजा आहे, आणि ते पाडायचा प्रस्ताव मी मांडणार नाही.

सर म्हणाले, भावुक होऊ नका. मग विचारलं, "पहले क्यों नहीं बताया?"

"उस दिन आपने मेरी माँ के हाथ का पानी नहीं पिया, सर। आपके डर से मैंने भी नहीं पिया।"

बाई खाली वहीत पाहत राहिल्या. सरांनी पुढच्या गटाला बोलावलं.

निकालात गटातले तिघं पास झाले. मी नापास. शेरा होता, काम अपूर्ण. गटातल्या मुलीने जिन्यात गाठून सांगितलं की माझ्या नाटकामुळे त्यांचे मार्क गेले. तिचे डोळे भरले होते. खरंच गेले असतील. मी तिची माफी मागितली नाही.

घरी सगळं सांगितलं, बाबांनाही. आईने विचारलं, "आता?" म्हटलं, पुन्हा तेच सेमिस्टर, ज्युनियरांबरोबर. ती उठून कामाला लागली. तिने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही. ती मागून घ्यायची गोष्ट नाही.

या वर्षी स्टुडिओत मी पुन्हा बसते. सर तेच. पहिल्याच दिवशी त्यांनी सुचवलं की कॉलेज बदलून पाहा, तुम्हाला सोपं जाईल. मी नाही म्हटलं. ज्युनियरांना माझी गोष्ट कळली आहे. माझ्या टेबलावर अजूनही कोणी बसत नाही. न बसू देत.

मी इथून हलणार नाही. पदवी घेईन. नकाशावर सही करायचा परवाना घेईन. आणि माझ्यासमोर कोणी कोणाच्या घराबद्दल, हाताबद्दल, जातीबद्दल तोंड उघडलं, तर मी पहिल्या वाक्याला उभी राहीन. सहा आठवडे घेणार नाही.