लागलं होतं, मास्तर

इनास मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेऱ्याच्या नाक्यावर, चहाच्या टपरीपाशी, चार अनोळखी माणसांना सांगत होतो की मी एकदा नुसत्या हातांनी सुरमई पकडली आणि तिने मला मालवणच्या बंदरापासून देवगडपर्यंत ओढत नेलं. फोनवर वाडीतला शेजारी म्हणाला, "मास्तर गेले रे, सकाळीच." मी फोन खिशात ठेवला. टपरीवाला म्हणाला, "मगे? सुरमयचां काय झालां?" ...त्या सुरमईचं काय झालं ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

मास्तर आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेचे खेळाचे मास्तर. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, बाकीचे सहा दिवस मैदानात. त्यांच्या शिट्टीने समुद्रात रापणीचं जाळं ओढणारे थांबत आणि माडावर चढलेला पाडेली आपोआप खाली उतरे. यात मी फार तर निम्मं वाढवलंय; माझ्या अशा वाढवलेल्या गोष्टींना गाव गजाली म्हणतं. मला त्यांनी पाचवीपासून कबड्डी शिकवली आणि मी पस्तिशी ओलांडून गावच्या संघात उजव्या कोपऱ्याला उभा राहिलो तरी त्यांचं शिकवणं संपलं नव्हतं.

कबड्डी टीव्हीवर आली, मॅटवर, बूट घालून, दिव्यांच्या झगमगाटात, तेव्हा आमच्या गावाला तो खेळ आपला वाटेना. मास्तर तेव्हा निवृत्त झालेले. ते वही घेऊन टीव्हीसमोर बसले आणि आठ दिवसांत सगळा कायदा उतरवून उठले. मग आम्हाला मैदानात उभं करून, माझ्याकडे बघत म्हणाले, "चढाई तीस सेकंदांची. तुझो दम तीन दिवस टिकता, म्हायत आसा माका, पण पंच तीस सेकंदच थांबतलो." बोनस रेषेवर बोट ठेवून म्हणाले, "समोर सहा किंवा सात गडी आसतले तरच हिचो गुण. पाच ऱ्हवले काय ही नुसती रांगोळी." तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी चढाईवाल्याला पकडलं तर एकाऐवजी दोन गुण. समोरचा अख्खा संघ बाद केला तर लोण, त्याचे दोन जादा. आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'... गुण घेऊनच परत यायचं, नाहीतर चढाईवाला स्वतः बाद.

पण एक रीत त्यांनी वहीबाहेरची ठेवली. आमच्या मैदानात ज्याला स्पर्श झाला तो गडी पंचाच्या शिट्टीआधी स्वतःच हात वर करतो. कुठल्या कायद्यात हे नाही. मास्तरांनी शाळेत लावलेली सवय, गावाला चिकटली.

सात वर्षांपूर्वी त्यांनी नव्या नियमांनी गावात पहिली स्पर्धा भरवली. अंतिम सामना आमचा आणि वैभववाडीकडच्या एका संघाचा, पंच मास्तरच. शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत, आणि ती त्यांची तिसरी, 'करो या मरो' चढाई. दत्ता नावाचा त्यांचा चढाईवाला आला. माणूस असा उंच की... जाऊ दे, उंच होता. त्याने पाय फिरवला, मी मागे झालो, तो वळून मध्यरेषा गाठून गेला. लागलं असेल तर ते एका गुणाने जिंकले, नसेल तर तो बाद आणि आम्ही जिंकलो. माझ्या बाजूला पब्लिक रेषेवर आलेलं, मास्तरांना नीट दिसलं नव्हतं. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. हात खालीच. मग त्यांनी त्यांच्याच वहीत न बसणारी गोष्ट केली. सगळ्यांदेखत विचारलं, "लागलां काय रे, बाबल्या?"

मी मान हलवली. नाही.

मैदानात जो गोंधळ झाला तो मी पुढे वर्षभर रंगवून सांगितला. समोरचे ओरडत होते, "पंच आपल्याच गाववाल्याक इचारून निकाल देता!" आणि त्यांचं खरंच होतं, पंचाने विचारायचं नसतं. तालुक्यात बोभाटा झाला. मास्तरांना पुन्हा कोणी पंच म्हणून बोलावलं नाही, आणि गावाने बोलावलं तेव्हा ते आले नाहीत.

लागलं होतं. मग मी खोटं का बोललो? करंडकासाठी नाही. मला त्या सामन्याची गोष्ट सांगायची होती, आणि हरलेल्याची गोष्ट कोण ऐकतो?

शेवटचं भेटलो तेव्हा ते खुर्चीत बसून सामना बघत होते, श्वास लागत होता. एका संघाने निकालाला आव्हान दिलं. पडद्यावर पाऊल मोठं होऊन थांबलं. मास्तर म्हणाले, "बरां झालां. आता पंचाक कोणाक इचारूक नको." माझ्या ओठांवर आलं होतं... मी म्हटलं, "आवाज वाढवू काय, मास्तर?"

ते गेल्यावर पंधराव्या दिवशी मी वैभववाडीला गेलो. दत्ता बाजारात भेटला. त्याला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "मास्तरांची अब्रू राखतंस, बरां करतंस. पण तुझी गजाल ती तुझी गजाल, बाबल्या." मी देवाची शपथ घेतली. तो म्हणाला, "शपथ तर तू माशाचीव घेतंस." जन्मभर मी जे पेरलं ते त्या बाजारात उभं राहून माझ्याकडे बघत होतं.

तिथून मास्तरांच्या घरी गेलो. त्यांची बायको, रोझाबाय, तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं. "कितकां लागलां?"

"थोडांसां. त्येच्या पायाचो आंगठो. डाव्या गुडघ्याक."

तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझी गजाल इतकी ल्हान कधी नसता. म्हणजे खरां आसा." मला वाटलं रडेल. रडली नाही. "सात वर्षां माका इचारीत होते, रोझा, माझां चुकलां काय? मिया काय सांगतलंय? माका खेळ कळणा नाय." आणि सूप पुन्हा उचलत, "पेपरात लिव. वाढवून लिवू नको."

म्हणून लिहितोय. दत्ताचा अंगठा माझ्या गुडघ्याला लागला. मी बाद होतो. गुण त्यांचा, सामना त्यांचा. मास्तरांनी कोणाची बाजू घेतली नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

रोझाबाय आता संध्याकाळी सामना लावते, मास्तर लावत त्याच वेळी. खुर्ची रिकामी असते, मला कोणी त्यावर बस म्हणत नाही. मी दारापाशी उभा राहतो. चढाई झाली की ती विचारते, "लागलां?" मी बघून सांगतो, लागलं किंवा नाही. ती मान हलवते, आणि पडद्यावर निकाल येईपर्यंत थांबते.